मॉरिस मायनरचा टॉर्शन बार: बसलेल्या डाव्या कोपऱ्याचं प्रकरण

गाडी १९५९ ची मॉरिस मायनर १०००, चार दारांची, ९४८ सीसी इंजिनाची. तक्रार तीन गोष्टींची. पुढचा डावा कोपरा बसला आहे, खड्ड्यात चाक गेलं की डावीकडून ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढते. आधी एका गॅरेजात ‘स्प्रिंग बसली’ असं निदान होऊन काम झालं होतं. त्या कामानंतर कोपरा वर येण्याऐवजी आणखी खाली गेला.

मायनरच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नाही, पाट्यांचीही नाही. १९४८ साली ही गाडी आली तेव्हा तिचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी पुढच्या बाजूला टॉर्शन बार दिले, आणि १९७१ साली मोटारीचं उत्पादन थांबेपर्यंत ही रचना तशीच राहिली. हिंदुस्थान मोटर्सने हीच गाडी आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून विकली. अँबॅसिडरच्या जुन्या मॉडेलांनाही पुढे टॉर्शन बारच होते, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या जुन्या मिस्त्रींना हे काम अनोळखी नाही. मात्र अँबॅसिडरचा बार मायनरला बसत नाही, आणि तिथली सवय इथे आंधळेपणाने वापरूनही चालत नाही.

रचना अशी. प्रत्येक बाजूला पोलादाचा एक गोल दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने, गाडीच्या तळाखाली आडवा पडलेला असतो. दोन्ही टोकांना स्प्लाइन, म्हणजे दाते. पुढचं टोक खालच्या सस्पेंशन आर्ममध्ये बसतं, मागचं टोक एका लिव्हरमध्ये. हा लिव्हर पुढच्या सीटच्या खालून जाणाऱ्या क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या तुळईला, बोल्टने पक्का केलेला असतो. चाक वर गेलं की आर्म फिरतो, आर्म बारला पिळतो, मागचा लिव्हर हलू देत नाही, आणि बार तो पीळ परत चाकाला देतो. खालचा आर्म दोन पाकळ्यांचा आहे, पुढची आणि मागची. बारच्या स्प्लाइनवर पीळ घेण्याचं काम मागच्या पाकळीचं. दोन पाकळ्यांच्या मध्ये आयबोल्ट असतो, तो चेसिसच्या पायाला, म्हणजे सांगाड्याच्या लांबट तुळईला, नटने धरलेला असतो आणि त्याच्या डोळ्यात रबराचे दोन बुश असतात. पुढची पाकळी बारच्या टोकावरच्या नटने आवळली जाते. वरचा आर्म वेगळा नाहीच. आर्मस्ट्राँगच्या लिव्हर पद्धतीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हात हाच वरचा आर्म. या दोहोंच्या मध्ये उभा किंग पिन, ज्याभोवती चाक वळतं, आणि त्याला वर-खाली आट्यांचे ट्रनियन, म्हणजे आर्मला जोडणारे सांधे. खालच्या आर्मपासून पुढे चेसिसकडे एक टाय रॉड जातो. चाक मागे-पुढे जाऊ न देणं हे त्याचं काम.

गाडी साडेसातशे किलोच्या आसपास. पुढच्या एका चाकावर दोनशे किलोच्या जवळ भार येतो, आणि तो सगळा भार एका बारच्या पिळात साठलेला असतो. गाडी जॅकवर उचलून चाक लोंबू दिलं तरी पीळ पूर्ण सुटत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हात त्याच्या खालच्या मर्यादेला अडतो आणि आर्म तिथेच थांबतो, बारमध्ये बराच ताण शिल्लक ठेवून. या कामातली जवळजवळ प्रत्येक दुखापत आणि जवळजवळ प्रत्येक मोडतोड हा शिल्लक ताण विसरल्यामुळे होते. म्हणून बार काढताना एकच प्रश्न आधी सोडवायचा असतो: पहिला नट कोणता?

खोलण्याआधीची मापं

सपाट फरशी हवी. पाणसळ लावून चारही चाकांखालची पातळी तपासली, टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी केली. मग गाडी दोन मीटर मागे-पुढे ढकलली, बंपर धरून तीन-चार वेळा दाबून सोडली आणि मगच मोजलं. हे न करता घेतलेलं माप खोटं असतं, कारण जॅकवरून उतरलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली राहतात आणि गाडी उंच दिसते.

माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, उभ्या रेषेत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही त्यात मिसळते. तीन वेळा मोजून सरासरी काढली, तर डावी बाजू उजवीपेक्षा ३० मिमी खाली. मागच्या बाजूला मात्र फरक जवळजवळ नाही. हे तपासणं महत्त्वाचं आहे, कारण मागची एक पाटी-स्प्रिंग बसली असली तर तिचा परिणाम तिरका होऊन समोरच्या कोपऱ्यात दिसतो आणि माणूस नको तिथे पाना लावतो.

गाडीखाली प्रकाश टाकल्यावर मात्र खरी हकिगत दिसली. डाव्या लिव्हरचा बोल्ट मूळचा नव्हता, आटे जुळत नसलेला बोल्ट जबरदस्तीने फिरवलेला होता. क्रॉसमेंबरमधलं त्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. लिव्हरच्या कडेला हातोड्याचे चेमटे होते. आणि बारवर, मागच्या टोकापासून साधारण वीतभर पुढे, पाइप पान्याच्या दातांच्या खुणा होत्या: चार आडवे चरे, ओळीने, नखाला लागतील इतके खोल. चऱ्यांच्या तळाशी गंज.

त्यावरून आधीच्या कामात काय झालं ते वाचता येतं. गाडी उचलली आणि पहिला नट सोडला तो मागच्या लिव्हरचा. लिव्हर ताणाखाली होता, तो बोल्टचे शेवटचे आटे ओरबाडून, भोक ताणून सुटला. मग बार परत पिळून लिव्हर जागेवर आणायला पाइप पाना लावला. हाताने दोनशे किलोचा पीळ भरता येत नाही. लिव्हर भोकापर्यंत येईना, तेव्हा तो बारवर एक दात पुढे सरकवून बोल्ट ठोकला. गाडी बसली ती तिथे.

तो लिव्हर सुटताना कुणाचा हात मध्ये नव्हता हे नशीब. असा सुटलेला लिव्हर बोटाचं हाड मोडतो. चेहरा खाली असेल तर त्याहून वाईट.

हत्यारं आणि तयारी

मायनर १००० चे नट-बोल्ट इंचातले आहेत. जवळचा मिलिमीटरचा पाना ‘बसतो’ असं वाटतं, पण कडक नटावर तो घसरून कडा गोल करतो. इंचाचे रिंग पाने आणि सॉकेट हवेत. याशिवाय उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या दोन मजबूत घोड्या, दोन जॅक, पितळी सुंभा, एक किलोचा हातोडा, गंज सोडवणारं तेल, जाड तार, एक लहान साखळी, रंगाचा पेन, ओळंबा आणि पोलादी पट्टी. एका लाकडी ठोकळ्यात आर्मच्या पाकळीच्या जाडीएवढी खाच करून घ्यायची. मागची पाकळी अरुंद आहे, जॅकच्या टोपीवरून ती घसरते. खाच असलेला ठोकळा हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक भाग आहे.

नव्याने लागणारे भाग: आयबोल्टचे रबर बुश गाडीला चार, टाय रॉडचे रबर दोन्ही बाजूंचे, ट्रनियनची सीलं, सगळ्या स्प्लिट पिना नव्या, लिव्हरचे बोल्ट योग्य ग्रेडचे. बाजारातला साधा मऊ बोल्ट लिव्हरला लावायचा नाही.

गंज सोडवणारं तेल दोन दिवस आधीपासून टाकत राहायचं: दोन्ही स्प्लाइन, आयबोल्टचा नट, बारच्या पुढच्या टोकाचा नट, टाय रॉडचे बोल्ट. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं. रबर बदलायचंच असल्याने तेल त्याच्यावर पडलं तरी हरकत नाही.

घोड्या चेसिसच्या पायांखाली, लाकडी फळी मध्ये ठेवून. पत्रा तिथे कुजलेला नाही ना हे सुंभ्याने ठोकून बघायचं, कारण मायनरचे चेसिसचे पाय आणि क्रॉसमेंबरची टोकं गंजतात. गाडी किती उंच, याला इथे फार महत्त्व आहे. ताण सुटताना आर्म खूप खाली झुकतो. चेसिसखाली किमान दीड फूट मोकळी जागा नसेल तर आर्म फरशीला टेकतो, बार अर्धवट पिळलेला राहतो आणि माणसाला वाटतं की ताण गेला. नंतर लिव्हरचा बोल्ट सोडला की तोच जुना अपघात. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे आणि हँडब्रेक.

ताण सोडण्याची वाट

चाक काढलं. रंगाच्या पेनाने खुणा केल्या: बार आणि आर्मच्या सांध्यावर एक सरळ रेघ, बार आणि लिव्हरच्या सांध्यावर दुसरी, लिव्हरचा बोल्ट कोणत्या भोकात होता त्याची तिसरी. फोटो काढले. खुणा करताना मागच्या टोकाची घाण पुसली तेव्हा लिव्हरवर आणि बारच्या टोकावर जुने ठिपके सापडले, सुंभ्याने मारलेले. ते एकमेकांसमोर नव्हते. बरोबर एक दात सरकलेले होते. वरच्या तर्काला तिथे पुरावा मिळाला. अशा गाडीत आत्ताची खूण फक्त ‘होतं कसं’ ते सांगते, ‘हवं कसं’ ते सांगत नाही.

खाचेचा ठोकळा ठेवून जॅक मागच्या पाकळीखाली, ट्रनियनच्या जितका जवळ जाईल तितका. जॅक हळूहळू वर घेतला. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हात त्याच्या अडथळ्यावरून जेमतेम उचलला की थांबायचं. आणखी वर घेतलं तर गाडी घोडीवरून उचलली जाते. साखळी आर्मभोवती आणि चेसिसच्या पायाभोवती सैल गुंडाळली. ती ताण धरण्यासाठी नाही. जॅक घसरलाच तर आर्म झटक्यात खाली येऊ नये, एवढ्यासाठी.

आता पुढची पाकळी मोकळी करायची. आधी टाय रॉडचा आर्मकडचा बोल्ट. मग दोन्ही पाकळ्यांना जोडणारे बोल्ट. मग ट्रनियनच्या पिनेचा पुढचा नट, स्प्लिट पिन काढून. शेवटी बारच्या टोकावरचा नट. पाकळी हाताने हलवत, मागून लाकडाने हलके ठोकत पुढे ओढली. तिच्याबरोबर आयबोल्टचा पुढचा बुशही बाहेर आला आणि आवाजाचं कारण हातात मिळालं: बुशच्या वरच्या बाजूचं रबर संपूर्ण दबून कागदासारखं झालं होतं, आयबोल्टच्या डोळ्याच्या आत लोखंडाला लोखंड घासल्याचा चकचकीत पट्टा होता. टाय रॉडचे रबरही फुटलेले. ब्रेक दाबल्यावर चाक काही मिलिमीटर मागे सरकत होतं आणि गाडी त्या बाजूला ओढत होती.

ट्रनियन पिनेवरून पुढे ओढून सोडवला. या क्षणी किंग पिन, हब आणि ब्रेक ड्रम हे सगळं वरच्या हाताला लोंबतं. ते तारेने वर बांधून ठेवायचं, नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येतं. नळी बाहेरून धड दिसते आणि आतून फाटते.

ट्रनियन हातात असताना त्याचे आटे बघून घेणं हे बारच्या कामाइतकंच मोलाचं आहे. मायनरची ही सर्वश्रुत दुखती जागा. खालच्या ट्रनियनला ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात, आणि एके दिवशी चाक मुडपून मडगार्डखाली जातं. डावी-उजवीकडचे किंग पिन आणि ट्रनियन वेगवेगळे असतात, त्यांची अदलाबदल होत नाही. या गाडीत आटे चांगले होते. नवं सील लावून ते परत वापरले.

मग जॅक खाली. एका वेळी थोडा, थांबत थांबत, साखळी सैल करत. आर्म खाली झुकत गेला, पुढे जॅकवरचा दाब कमी झाला आणि शेवटी ठोकळा आपोआप सुटला. हाताने आर्म वर-खाली हलवून बघायचा: दोन्ही दिशांना तो सारखाच हलका लागला, स्वतःहून कुठेही परत गेला नाही, तर ताण शून्य. खात्री होईपर्यंत मागच्या लिव्हरला हात लावायचा नाही.

याच क्षणी एक माप घ्यायचं असतं आणि ते नंतर कधीच मिळत नाही. आर्म बिनताणाचा लोंबत असताना बारच्या मध्यापासून ट्रनियनच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर. ओळंबा आणि पट्टी लावून ते घेतलं. उजवी बाजू तशीच मोकळी करून तिथलंही घेतलं. डावीकडे हे अंतर उजवीपेक्षा २६ मिमी कमी. उंचीत फरक ३० मिमीचा. म्हणजे २६ मिमी त्या सरकलेल्या दाताचे आणि उरलेले ४ मिमी दबलेल्या बुशचे. हिशोब जुळला, आणि ‘बार थकला’ हा अंदाज बाजूला पडला. बार बसत नव्हता, चुकीच्या दातावर बसवलेला होता.

निघत नसलेली स्प्लाइन

आता लिव्हरचा बोल्ट काढला, तो बोटांनी फिरून बाहेर आला. लिव्हर मात्र बारवर गंजून बसलेला. इथे धीर सुटतो.

ठोकायचं ते लिव्हरला, पितळी सुंभ्याने, आळीपाळीने दोन्ही बाजूंनी. बारच्या टोकावर पोलादी हातोडा मारायचा नाही. टोक फुगलं की स्प्लाइनमधून काहीच बाहेर येत नाही. दोन-तीन ठोके, तेल, अर्धा तास विश्रांती, परत ठोके. डावीकडे एवढ्याने काम झालं. उजवीकडचा लिव्हर दुसऱ्या दिवशी सुटला.

गॅसची ज्योत लावायची नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण या दांड्याचं उलट आहे. हे पोलाद कडक करून नंतर ठरावीक तापमानाला उतरवलेलं असतं, पीळ धरायची ताकद त्या प्रक्रियेतून येते. ज्योतीखाली टोक लाल झालं की तिथलं तापमान ७०० अंशांच्या आसपास गेलेलं असतं आणि ती प्रक्रिया पुसली जाते. बार दिसायला तसाच राहतो, गाडीखाली जाऊन बसतो किंवा तुटतो. अगदीच अडलं तर लिव्हर कापून टाकावा. लिव्हर नवा मिळतो.

सुटलेला लिव्हर स्प्लाइनवरून सरकवून बार बाहेर घेतला आणि तो कापडावर ठेवला. काँक्रीटवर टाकलेला बार हा ओरखडा पडलेला बार.

ओरखड्याने काय होतं

गोल दांडा पिळला की सर्वांत जास्त ताण त्याच्या पृष्ठभागावर असतो आणि मध्यावर शून्य. त्यामुळे पृष्ठभागावरचा चरा हा सर्वांत वाईट जागी असतो. चऱ्याच्या तळाशी ताण अनेक पटींनी गोळा होतो, प्रत्येक खड्ड्याबरोबर तिथली तडा थोडी पुढे सरकते, आणि एके दिवशी बार ४५ अंशांच्या तिरक्या, मळसूत्री रेषेत तुटतो. गंजाने जाडी गेली तरी हिशोब कडक आहे. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो, ताकद तिसऱ्या घातावर. व्यास पाच टक्क्यांनी कमी झाला तर ताठपणा साडेअठरा टक्क्यांनी जातो आणि ताकद चौदा टक्क्यांनी.

बार रॉकेलने धुतला, नायलॉनच्या घासणीने लांबीच्या दिशेने घासला. ग्राइंडर नाही, तारेचा चक्राकार ब्रश नाही. तेजाबात बुडवायचा तर विचारही नको: इतक्या कडक पोलादात तेजाबातून हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. झिंक प्लेटिंगचाही तोच धोका. मग तांबडं डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगांत शिरणारा रंग, मारलं, पंधरा मिनिटांनी पुसलं, पांढरं डेव्हलपर मारलं. पाइप पान्याच्या चार चऱ्यांपैकी दोनांतून तांबड्या रेषा चऱ्याच्या टोकांपलीकडे तिरक्या गेलेल्या दिसल्या. तडा सुरू झाली होती.

हा बार परत बसवायचा नाही, यात तडजोड नाही. कानशीने चरा घासून गुळगुळीत करणं हा उपाय उथळ ओरखड्यापुरता असतो. तडा पडल्यावर तो उपाय राहत नाही. घरी डाय पेनिट्रंट जमत नसेल तर औद्योगिक पट्ट्यांत धातूची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा असतात, त्यांच्याकडून मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी, म्हणजे चुंबक आणि लोहकण वापरून भेगा शोधणारी तपासणी, करून घ्यावी. पोलादासाठी ती अधिक भरवशाची.

उजवा बार निर्दोष निघाला. त्याला डावीकडे वापरता येतं का, असा प्रश्न येतोच. येत नाही. नवा बार ज्या दिशेने एकदा पिळला जातो, त्या दिशेने त्याच्या पृष्ठभागात उपयोगी ताण बसतो. उलट दिशेने वापरला तर तोच ताण विरोधात जातो, बार लवकर बसतो आणि लवकर थकतो. म्हणून भंगार बाजारात सुटा मिळणारा, डावा की उजवा हे कळत नसलेला जुना बार घेऊ नये, मग तो कुर्ल्यात कितीही स्वस्त मिळो. इंग्लंडमध्ये मायनरचे भाग अजून नवे मिळतात. या गाडीसाठी तिथून दोन नव्या बारांची जोडी मागवली. एकच घेऊन भागलं असतं. पण साठ वर्षं दबलेला एक आणि कोरा एक अशी जोडी उंचीला जुळवता आली तरी पुढची काही वर्षं सारखी राहत नाही. उजवा जुना बार तेल लावून, कापडात गुंडाळून, ‘उजवा’ अशी चिठ्ठी बांधून ठेवला.

भोकाची दुरुस्ती

क्रॉसमेंबरचं लांबट भोक बार बाहेर असतानाच दुरुस्त करायचं. भोक वेल्डिंगने भरून, मागे तीन मिमीची पट्टी लावून परत पाडलं. बार गाडीत असताना जवळपास वेल्डिंग केलं तर उडालेला एक ठिपकासुद्धा बारवर काचेसारखा कडक बिंदू करतो, आणि तिथून तडा सुरू होते. वेल्डिंगचा अर्थ-क्लॅम्प सस्पेंशनच्या कोणत्याही भागाला लावायचा नाही.

बसवणी आणि उंची

बारच्या मधल्या भागावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, स्प्लाइन मात्र कोऱ्या. स्प्लाइनवर मॉलिब्डेनमचं ग्रीस पातळ थरात. रबर बुश साबणाच्या पाण्याने बसवायचे. ग्रीस किंवा तेल लागलं की रबर फुगून सुटतं. पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. ते टिकतात, पण रस्त्याची बारीक थरथर गाडीत आणतात. या मालकाला गाडी मूळच्यासारखी हवी होती, म्हणून रबर.

उंची ठरते ती बसवतानाच. बिनताणाचा आर्म किती खाली लोंबतो, त्यावर गाडी किती उंच उभी राहणार हे अवलंबून. उजवीकडचं घेतलेलं माप हे लक्ष्य धरलं. आर्मखाली जॅक ठेवून ट्रनियनची पिन बरोबर त्या मापाला आणली, ओळंब्याने दोनदा तपासली, आणि मग बारची स्प्लाइन सरकवली. लिव्हर जिथे भोकासमोर सर्वांत जवळ येतो तो दात शोधायचा. उरलेला बारीक फरक लिव्हरच्या बोल्टची जागा बदलून काढता येतो. मायनरमध्ये एका दाताने चाकापाशी इंचाच्या आसपास फरक पडतो, म्हणून दात आणि बोल्टची जागा या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. दोन टोकांना वेगळ्या संख्येने दाते ठेवून बारीक सेटिंग मिळवण्याची युक्ती फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बारांत स्वच्छ दिसते: आत ४० दाते, बाहेर ४४. एका टोकाचा दात ९ अंशांचा, दुसऱ्याचा साधारण ८ अंश ११ मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). एक टोक एका दाताने पुढे आणि दुसरं एका दाताने मागे नेलं की निव्वळ फरक साधारण ४९ मिनिटांचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी.

लिव्हरचा बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. तो पान्यानेच फिरत असेल तर माप चुकलं आहे, परत बघायचं. बोल्ट आवळल्यावर मग पीळ भरायचा, आणि तो भरायचा जॅकने, आर्म वर उचलून. पाइप पान्याचं इथे कामच नाही. आर्म वर येतो, ट्रनियन पिनेवर सरकतो, पुढची पाकळी बसते, नट हलके लागतात. आर्म उचलताना गाडी घोडीवरून सुटू लागली तर थांबायचं: एक दात जास्त गेला आहे.

आयबोल्टचे, बारच्या टोकाचे आणि टाय रॉडचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, दाबून-सोडून स्थिर झाल्यावर. चाक लोंबत असताना आवळलं तर रबर त्या चुकीच्या कोनात धरलं जातं. गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. घाईच्या बसवणीत सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट हीच, आणि तिचा परिणाम उशिरा दिसतो म्हणून दोष बुशच्या कंपनीला दिला जातो. स्प्लिट पिना नव्या घातल्या. ट्रनियनना ग्रीस दिलं ते चाकं हवेत असताना, कारण भार असताना आट्यांच्या एकाच बाजूला ग्रीस पोहोचतं. पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असणं, ३/३२ इंचावर आणला, हेडलाइटचा झोत परत लावून घेतला.

पहिल्या मापात दोन्ही कोपरे सारखे आणि हवे त्यापेक्षा साधारण सहा मिमी उंच आले. नवे बार थोडे बसतात, म्हणून तेवढा फरक तसाच सोडला. ३०० किलोमीटर चालल्यावर परत मोजलं. उंची उतरली होती, आवाज गेला होता, ब्रेकला ओढ नव्हती, आणि दुरुस्त केलेल्या भोकात बोल्ट जागचा हलला नव्हता. रिकाम्या गाडीत उजवी बाजू डावीपेक्षा ३ मिमी वर होती. ती तशीच ठेवली, कारण चालक उजवीकडे बसतो.